संगणकाची पहाट आणि विजेचे खटके

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आमच्या एका वयस्क स्नेह्यांनी तर काल संध्याकाळी वाटेत गाठून विचारलेच, "काय हो, बूटलोडर आणि ड्रायव्हर! उद्या ट्रकवाहतुकीवर बोलणार आहात वाटते?" आम्ही म्हटले, "नाही नानासाहेब, पण प्रश्न माल पोचविण्याचाच आहे. माल म्हणजे वीज, आणि रस्ता दोन-चार बोटे लांबीचा." त्यावर ते हसून म्हणाले, "मग येतो. एवढ्या लहान रस्त्यावर तुम्ही आम्हांला चुकवणार तरी कुठे?"

विषय खरोखरच लहान आहे. आपल्या खिशातला फोन किंवा टेबलावरचा लहान संगणक बटन दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत काही सेकंद घेतो. त्या सेकंदांत आत शेकडो कामे उरकली जातात. त्यांतील एकाच कामाची हकीकत आम्हांला सांगावयाची आहे. ते काम करणारा आज्ञांचा मजकूर छापला तर दोन-तीन पानांत मावेल. परंतु त्या दोन-तीन पानांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो संगणकाबाहेरही आपणां सर्वांना वरचेवर पडतो. जे काम आपले नव्हेच, ते कोणी आपणांस सांगितले, तर उत्तर काय द्यावे?

बटन आणि रेग्युलेटर

आरंभ घरातूनच करू. आपल्या भिंतीवरच्या विजेच्या पाटीवर पंख्यासाठी दोन वस्तू असतात. एक बटन आणि एक रेग्युलेटर. रेग्युलेटर पंख्याचा वेग कमीजास्त करतो. बटनाला वेग ठाऊक नाही. मागून येणारी वीज पुढे जाऊ द्यावी किंवा अडवावी, एवढेच त्याचे काम. बटनाला कोणी "पंखा तीनवर ठेव" असे सांगितले, तर त्याने काय करावे? प्रश्न हास्यास्पद वाटतो. तथापि तो ध्यानात ठेवावा, कारण पुढे आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

संगणकाच्या आतही अशीच पाटी असते. बॅटरीतून वीज येते ती एका दाबाने, पण आतल्या भागांच्या गरजा निरनिराळ्या. प्रोसेसरच्या गाभ्याला सुमारे १ व्होल्ट पुरतो, स्मृतीच्या चिपना त्याहून थोडा अधिक लागतो, कोणाला १.८ तर कोणाला ३.३ व्होल्ट हवा असतो. शिवाय हे सारे एकदम सुरू करून चालत नाही. कोणी आधी, कोणी मागाहून, असा क्रम असतो. ही वाटणी करणारी एक स्वतंत्र चिप असते. तीच वीजव्यवस्थापक चिप.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरी चिप समोर घेऊ. चीनमधील रॉकचिप कंपनीची आरके८०८ ही चिप याच कंपनीच्या आरके३२८८ या प्रोसेसरची सोबतीण आहे. २०१५ साली बाजारात आलेले आसुसचे क्रोमबुक फ्लिप आणि २०१७ साली आलेला त्याच कंपनीचा टिंकर बोर्ड, या दोहोंत ही जोडी सापडते. आरके८०८च्या पोटात विजेच्या तीन जातींच्या वाटा आहेत.

पहिली जात 'बक'. अशा चार वाटा आहेत. त्या येणाऱ्या विजेचे अतिशय जलद तुकडे करतात आणि पुढे ते सांधून हवा तो कमी दाब तयार करतात. वीज फारशी वाया जात नाही, म्हणून प्रोसेसरसारखे खादाड गिऱ्हाईक यांच्याकडे दिलेले असते. पहिल्या बकचा दाब ०.७१२५ व्होल्टपासून १.५ व्होल्टपर्यंत, ०.०१२५ व्होल्टच्या पावलांनी बदलता येतो. म्हणजे या रेग्युलेटरला ६४ खुणा आहेत असे समजावे.

दुसरी जात 'एलडीओ'. अशा आठ वाटा. जुन्या काळचा पंख्याचा रेग्युलेटर पुष्कळांनी पाहिला असेल. तो हाताला गरम लागे, कारण नको असलेला दाब तो उष्णतेच्या रूपाने घालवून टाकी. एलडीओची रीत काहीशी तशीच आहे. उधळपट्टी असते खरी, पण वीज फार शांत आणि स्वच्छ मिळते, म्हणून नाजूक मंडलांना ती मानवते.

तिसरी जात म्हणजे आपला आजचा नायक, खटका. हे फक्त दोन. यांना दाब तयार करता येत नाही. मागून जो दाब येईल तोच पुढे द्यावयाचा किंवा अडवावयाचा. पहिल्या खटक्याला वीज मिळते ती चिपच्या 'व्हीसीसी ८' नावाच्या पायातून, दुसऱ्याला 'व्हीसीसी १२' नावाच्या पायातून. या प्रोसेसरच्या काही क्रोमबुकांत पडद्याचा वीजपुरवठा अशाच खटक्यामागे ठेवलेला आहे. झाकण मिटले की पडद्याची वीज मुळातूनच तोडता यावी आणि बॅटरी वाचावी, हा हेतू.

पहाटेचा कारभारी

आता बूटलोडर म्हणजे काय ते पाहू. संगणकाला वीज मिळाली तरी तो लगेच शहाणा होत नाही. त्याची मोठी स्मृती अजून झोपलेली असते. फाइली कोठे आहेत, पडदा कोणता जोडला आहे, याचा त्यास पत्ता नसतो. प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक लहानसा कार्यक्रम असतो. तो एवढेच करतो की बाहेरच्या साठवणीतून आणखी एक लहान कार्यक्रम आत घ्यावा आणि कारभार त्याच्या हाती द्यावा. तो मोठ्या स्मृतीला जागी करतो आणि स्वतःहून मोठ्या कार्यक्रमाला बोलावतो. हा मोठा कार्यक्रम लिनक्ससारख्या पूर्ण कारभाराला आणून गादीवर बसवितो आणि आपण बाजूला होतो. वाड्यात मालक उठण्यापूर्वी उठून चूल पेटविणारा, अंगण झाडणारा जो कारभारी, तोच हा बूटलोडर. इंग्रजीत स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला उचलण्याची एक कल्पना आहे, तीवरून हे नाव पडले.

या कारभाऱ्यांत फार प्रसिद्ध असलेला एक म्हणजे 'दास यू-बूट'. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी त्याची जोपासना केली. आरंभी तो पॉवरपीसी जातीच्या प्रोसेसरपुरता होता आणि त्याचे नावही तसेच होते. २००२ साली तो इतर जातींवरही चालू लागला, तेव्हा यू-बूट हे नाव त्याने घेतले. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी, आणि 'बूट' या इंग्रजी शब्दाशी झालेला हा श्लेष कर्त्यांनी हौसेने केला आहे. डेंक २०२२ साली निवर्तले, पण त्यांची पाणबुडी आजही जगभरच्या असंख्य यंत्रांत रोज पहाटे बुडी मारून वर येते.

कोणी विचारील, लिनक्सला जर खटके चालविता येतात, तर कारभाऱ्याने ते का शिकावे? उत्तर सोपे आहे. समजा, संपूर्ण लिनक्स ज्या कार्डावर ठेवले आहे त्या कार्डाचीच वीज एखाद्या खटक्यामागे आहे. मग लिनक्सने उठून तो खटका दाबावा म्हटले तर लिनक्स उठणार कसे? कोठीची किल्ली कोठीतच राहिली असे होईल. पडद्यावर आरंभी उमटणाऱ्या चिन्हाचेही तसेच. म्हणून काही खटके पहाटेच, कारभाऱ्यानेच दाबावे लागतात.

दोन तारांवरची चिठ्ठी

हे दाबणे व्हावयाचे कसे? चिपवरच्या खटक्याला बोट लावता येत नाही. प्रोसेसर आणि वीजव्यवस्थापक चिप यांच्यामध्ये दोन तारा असतात. एकीवर ताल धरला जातो, दुसरीवर निरोप जातो. ही 'आय-टू-सी' नावाची रीत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. त्याच दोन तारांवर अनेक चिपा बसू शकतात, म्हणून प्रत्येकीला घरक्रमांक असतो. आरके८०८चा घरक्रमांक २७. घरात गेल्यावर आत खणांची ओळ असते, त्यांस रजिस्टर म्हणतात. प्रत्येक खणात ० ते २५५ मधील एक आकडा राहतो. वास्तविक तो आकडा म्हणजे आठ घरांची एक पाटी असते. घर ० चे मोल १, घर १ चे २, घर २ चे ४, असे दुपटीने वाढत घर ७ चे मोल १२८. ज्या घरात दिवा लागलेला असेल त्यांच्या मोलांची बेरीज म्हणजे खणातला आकडा.

आरके८०८मध्ये ३५ क्रमांकाचा खण आपल्याला हवा. त्यातील घर ० ते ३ ही चार घरे चार बकची आहेत. घर ५ पहिल्या खटक्याचे आणि घर ६ दुसऱ्या खटक्याचे. घरात दिवा लागला की ती वाट चालू, विझला की बंद. चारही बक चालू आणि दोन्ही खटके बंद असतील, तर खणातला आकडा १ अधिक २ अधिक ४ अधिक ८, म्हणजे १५.

आता दुसरा खटका चालू करावयाचा आहे. त्याच्या घराचे मोल ६४. नवशिक्याला वाटते, मग काय, ३५ क्रमांकाच्या खणात ६४ लिहून टाकू. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, चिठ्ठी बरोबर घरी जाते, चिप ती निमूटपणे पाळते. आणि त्याच क्षणी यंत्र मरते. कारण ६४ लिहिणे याचा अर्थ घर ६ लावा आणि बाकीची सारी विझवा. बाकीच्यांत पहिला बक आहे, आणि टिंकर बोर्डासारख्या रचनेत प्रोसेसरला वीज मिळते ती त्याच बकमधून. ज्याने आज्ञा केली त्याचाच श्वास त्या आज्ञेने बंद पडला. कालिदास शहाणा होण्यापूर्वी बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवीत होता अशी दंतकथा आहे, तिचे इतके तंतोतंत उदाहरण आम्ही दुसरे पाहिले नाही. चुकीचा संदेशसुद्धा उमटत नाही, कारण संदेश लिहिणाराच उरलेला नसतो.

म्हणून रीत अशी की आधी खण वाचावयाचा. १५ मिळाले. त्यातील फक्त आपल्या घरात बदल करावयाचा. १५ मध्ये ६४ चे घर लावले की ७९ झाले. मग ते ७९ परत लिहावयाचे. बंद करताना ७९ मधून ६४ चे घर विझवून १५ लिहावयाचे. वाचा, आपल्यापुरते बदला, लिहा. शेजाऱ्याच्या दिव्याला हात लावू नका. एकाच पाटीवर अनेक बिऱ्हाडांची बटने असलेल्या चाळीत जे शहाणपण लागते, तेच येथे लागते.

आणखी एक खाच आहे. माणसे एकपासून मोजतात. खटक्यांची नावेही तशीच, पहिला आणि दुसरा. पण घरे शून्यापासून मोजली जातात, आणि पहिल्या खटक्याचे घर पाचवे. म्हणून खटक्याच्या क्रमांकातून १ वजा करून ५ मिळविले म्हणजे घर सापडते. वजाबाकी विसरली तर पहिल्या खटक्याऐवजी दुसरा दाबला जातो आणि भलताच दिवा लागतो. एका एककाची ही चूक या धंद्यात मुरलेल्यांनाही सोडीत नाही.

ड्रायव्हर कशासाठी

एवढेच असेल तर कारभाऱ्याच्या मजकुरात जागोजागी "खण ३५, घर ६" असे लिहून भागणार नाही काय? एका यंत्रापुरते भागेल. परंतु यू-बूट शेकडो तऱ्हांच्या यंत्रांवर चालतो. पडद्याचे काम पाहणाऱ्या भागाला कोणती चिप, कोणता खण, याच्याशी कर्तव्य नसावे. त्याने म्हणावे, "माझी वीज चालू करा," आणि ते कोणीतरी चिपच्या भाषेत उतरवावे. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. २०१४ सालापासून यू-बूटमध्ये अशा दुभाष्यांसाठी एक समान शिस्त घातली गेली. प्रत्येक जातीच्या साधनाला ठरावीक प्रश्न विचारले जातात आणि ड्रायव्हरने त्यांची उत्तरे द्यावयाची असतात.

कोणत्या यंत्रात काय काय आहे, हे एका वेगळ्या लेखात लिहिलेले असते. त्यास डिव्हाइस ट्री म्हणतात. ती यंत्राची वंशावळच होय. आय-टू-सी हा आजोबा, आरके८०८ त्याचे मूल, आणि बक, एलडीओ, खटके ही नातवंडे. कारभारी ही वंशावळ वाचतो, नातवंडाच्या नावावरून त्याची जात ओळखतो, नावाच्या शेवटचा आकडा हा त्याचा क्रमांक समजतो, आणि त्या त्या जातीचा ड्रायव्हर त्याच्याशी जोडून देतो. चिठ्ठी पाठविण्याचे काम आईबापांकडे, म्हणजे मूळ चिपच्या ड्रायव्हरकडे राहते. नातवंडांनी फक्त कोणता खण आणि कोणते घर एवढे सांगावयाचे.

वीज देणाऱ्या साधनांना विचारले जाणारे प्रश्न असे: दाब किती आहे? दाब इतका कर. चालू आहेस काय? चालू हो, किंवा बंद हो. बक या सर्वांना उत्तर देऊ शकतो. खटक्याला खरोखर कळणारे प्रश्न शेवटचे दोनच.

त्यांपैकी "चालू आहेस काय" हा साधा वाटतो, पण त्याचे उत्तर आठवणीतून देऊ नये. यंत्र पुन्हा सुरू केले तरी वीजव्यवस्थापक चिप दर वेळी विझतेच असे नाही. तिचे खटके आदल्या खेपेच्या स्थितीत राहिलेले असू शकतात. म्हणून दर वेळी खण वाचून, आपले घर पाहून उत्तर द्यावे.

खटक्याला विचारलेला अवघड प्रश्न

आता आम्ही आमच्या फजितीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका चिपच्या खटक्यांसाठी आम्ही ड्रायव्हर लिहीत होतो. खण बरोबर, घर बरोबर, वाचून बदलून लिहिण्याची रीत बरोबर. चालू-बंद करण्याचा प्रश्न हाताने विचारून पाहिला तर खटका अगदी आज्ञाधारक. पण यंत्र पहाटे आपले आपण उठे तेव्हा पडदा काळाच राही. दोन दिवस आम्ही पडद्याच्या मागे लागलो. त्याची केबल बदलली, पडदाच बदलला. तिसऱ्या दिवशी सुचले की मल्टिमीटर घेऊन खटक्याची दोन्ही तोंडे तपासावी. मागच्या तोंडाशी ३.३ व्होल्ट, पुढच्या तोंडाशी काहीच नाही. खण वाचला तर आकडा १५. म्हणजे खटक्याला कोणी हातच लावला नव्हता.

कारण असे निघाले. वंशावळीत त्या खटक्याविषयी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. याला आरंभीच चालू करावे. याचा किमान दाब ३.३ व्होल्ट, याचा कमाल दाबही ३.३ व्होल्ट. लिहिणाऱ्याने दाबाचा आकडा माहिती म्हणून लिहिला होता. या वाटेवर ३.३ व्होल्ट असतात, एवढेच त्यास म्हणावयाचे होते. पण यू-बूटच्या शिस्तीत किमान आणि कमाल दाब एकच दिसला की तो हुकूम समजला जातो. कारभारी आधी म्हणतो, "दाब ३.३ कर." ते झाले तरच पुढे म्हणतो, "आता चालू हो." आमच्या ड्रायव्हरात दाब ठरविण्याच्या प्रश्नाला उत्तरच नव्हते, कारण खटक्याला दाब ठरविता येतच नाही. उत्तर नाही असे दिसताच यंत्रणेने 'ही सोय नाही' या अर्थाचा उणे ३८ हा आकडा परत केला. कारभाऱ्याने तो अपयशाचा समजला आणि पुढचे वाक्य उच्चारलेच नाही. बटनाला पंखा तीनवर ठेवावयास सांगितले, बटन म्हणाले मला येत नाही, आणि त्यावर रागावून मालकाने बटन दाबलेच नाही. असा हा प्रकार.

तीन उत्तरे

तर मग बटनाने काय उत्तर द्यावे? आमच्या मते उत्तरे तीन संभवतात.

पहिले उत्तर, "मला येत नाही." हे अक्षरशः खरे आहे. पण वर पाहिलेच की या खरेपणामुळे जे काम येत होते तेही राहून गेले. विचारणाऱ्याला दाब बदलावयाचा नव्हता, त्याला ३.३ व्होल्ट हवे होते, आणि ते मागच्या तोंडाशी तयार उभे होते.

दुसरे उत्तर, "झाले." काहीच न करता यश कळवावयाचे. हे ऐकून आपण चमकाल, पण यू-बूटमधील आरके८०८ आणि तिच्या भावंडांच्या ड्रायव्हरात हेच उत्तर स्वीकारलेले आहे. दाब ठरविण्याचे एक रिकामे काम लिहिले आहे. ते काही करीत नाही, फक्त यश परत करते. आणि लिहिणाऱ्यांनी शेजारीच टिपण जोडले आहे की खटक्याला दाब ठरवावयाचा नसतो, पण वंशावळीत दाब लिहिलेला असल्यास खटका चालूच होत नाही, म्हणून हे रिकामे काम ठेवले आहे. व्यवहारदृष्ट्या हा उपाय उत्तम. पडदा लागतो, कोणाचे बिघडत नाही.

पण बिघडणारच नाही असे मात्र नाही. समजा, वंशावळ लिहिणाऱ्याचा हात चुकला. मागून ३.३ व्होल्ट येत आहेत आणि त्याने खटक्यापुढे १.८ लिहिले, कारण पुढचा भाग १.८ व्होल्टचाच आहे. कारभारी म्हणतो, "१.८ कर." खटका म्हणतो, "झाले." कारभारी म्हणतो, "चालू हो." आणि १.८ व्होल्टच्या नाजूक भागाच्या अंगावर ३.३ व्होल्ट जाऊन पडतात. जो भाग कदाचित जळेल, त्याच्या जळण्याला एक खोटा होकार कारण झाला. पहिल्या उत्तराने पडदा काळा राहिला असता, पण वाचला असता.

म्हणून तिसरे उत्तर. खटक्याने पाठीमागे वळून पाहावे. आपल्या मागच्या पायात वीज कोठून येते हे वंशावळीत लिहिलेले असते. त्या पुरवठादाराला विचारावे, "तुझा दाब किती?" तो आणि मागितलेला दाब एक असेल तर म्हणावे, "झाले," आणि तो होकार खरा असेल. निराळा असेल तर स्पष्ट सांगावे, "हे माझ्याकडून होणार नाही," आणि तो नकारही खरा असेल. लिनक्समध्ये दाब वाचण्याच्या प्रश्नापुरती अशी रीत आहेच. ज्या साधनाला स्वतःचा दाब सांगता येत नाही, त्याच्या वतीने यंत्रणा त्याच्या पुरवठादाराचा दाब सांगते.

आम्ही शेवटी तिसऱ्या उत्तराच्या बाजूला गेलो, पण पूर्णपणे नव्हे. पुरवठादार वंशावळीत लिहिलेला असेल तेथे विचारणा करावी; जेथे तो लिहिलेलाच नाही, तेथे दुसरे उत्तर द्यावे आणि तसे का दिले याचे टिपण ठेवावे. पहाटेचा कारभार आटोपशीर ठेवावा लागतो, प्रत्येक बारकाव्याला जागा आणि वेळ नसतो. पण अशा वेळी मजकुराशेजारचे ते टिपण हा अलंकार राहत नाही, ती प्रामाणिकपणाची उरलेली जागा असते. न केलेल्या कामाला "झाले" म्हणावे लागले, तर निदान ते कोणत्या अर्थाने म्हटले हे मागून येणाऱ्याला वाचता यावे.

चालू म्हणजे खरोखर चालू

ड्रायव्हर लिहून संपला म्हणजे काम संपले असे नव्हे. यू-बूटमध्ये चिपचे खण वाचण्याची आणि वाटा चालू-बंद करण्याची आज्ञा टाइप करता येते. तेथे बसून खटका बंद करावा, खण वाचावा, चालू करावा, पुन्हा वाचावा. १५, ७९, १५, ७९ असे आकडे दिसले म्हणजे चिठ्ठ्या बरोबर जात आहेत. पण खणातला दिवा एवढेच सांगतो की हुकूम पोचला. वीज पोचली की नाही, हे मल्टिमीटरच सांगेल. खटक्यापुढे वीज साठवणारे भाग असतात, ते भरावयास क्षणभर लागतो. म्हणून चालू म्हटल्याबरोबर पडद्याशी बोलू नये, थोडे थांबावे.

पुढे लिनक्स गादीवर आल्यावर त्याला कारभाऱ्याने काय काय चालू ठेवले ते पाहावे लागते. आपल्या भागांनी ज्या वाटांवर हक्क सांगितला नाही त्या तो उठल्यावर सुमारे ३० सेकंदांनी बंद करतो. हजेरीत ज्यांचे नाव नाही त्यांचे दिवे मालवावयाचे. म्हणून पहाटे उजळलेला पडदा अर्ध्या मिनिटाने अचानक काळा झाला, तर पडद्याला दोष देण्यापूर्वी लिनक्सच्या वंशावळीत त्या खटक्यावर कोणी हक्क सांगितला आहे काय, हे पाहावे.

असो. काल आमच्या स्नेह्यांनी सारे ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न केला. "म्हणजे तुमचे म्हणणे असे की बटनाला पंख्याचा वेग विचारला, तर त्याने आधी मागे वळून पाहावे?" आम्ही म्हटले, "होय, नानासाहेब." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्या कचेरीत पस्तीस वर्षांत हे एकाही बटनाने केले नाही. सारे 'झाले' म्हणत, नाहीतर 'आमचे खाते नव्हे' म्हणत."

कचेरीचा निवाडा आम्ही करीत नाही. पण आज घरी गेल्यावर फोनचे बटन दाबाल आणि पडदा उजळेल, तेव्हा एवढे ध्यानात आणावे की त्या उजेडामागे कोणत्या तरी लहानशा खटक्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले आहे. ते उत्तर खरे असावे यासाठी कोणीतरी दोन-तीन पाने लिहिताना दोन-तीन दिवस घालविलेले असतात.